ठसा

आमच्याकडे दोन दारं आहेत, एकामागे एक.
पहिलं मिटल्याशिवाय दुसरं उघडत नाही.
मधे काचेची खोली, एकच माणूस उभा राहील एवढी.
फरशीखाली काटा. आधी वजन करून बघतात
की तू एकटाच आहेस ना,
कुणाला पाठीशी घालून आणलं नाहीस ना;
मग बोट मागतात.
जुळलं तर हिरवा दिवा.
नाही जुळलं तर मी.

मी सैमी. रात्रपाळीची.
फिनलंडात, नदीच्या या काठावर,
नोव्हेंबरात दिवस दुपारी तीनलाच आवरतं घेतो.
तेव्हा रात्रपाळी म्हणजे कुठून कुठपर्यंत
ते तुम्हीच ठरवा.

दर गुरुवारी पावणेदहाला आउलिस येतो
हवेचे फिल्टर बदलायला. बूट आपटून बर्फ झाडतो,
काचेत शिरतो, अंगठा टेकवतो.
यंत्र म्हणतं: ओळख पटली नाही.
तो अंगठा पँटला पुसतो, फुंकर मारतो, पुन्हा टेकवतो.
ओळख पटली नाही.
तिसऱ्या वेळी दोन्ही दारं गच्च,
आणि तो आत, टोपी हातात घेऊन,
दवाखान्यात नंबर लावल्यासारखा.

चौतीस वर्षं त्यानं याच इमारतीत कागद केला.
जिथे आता सर्व्हरच्या रांगा घुमतात
तिथे दोन नंबरचं मशीन होतं, गल्लीएवढं लांब.
या टोकाला लगदा, त्या टोकाला
गरम, कोरडा, पांढरा ताव,
आणि धावत्या कागदाला नुसता हात लावून
तो सांगायचा, ओल किती राहिलीय.
कागदानं हळूहळू बोटं चाटून घेतली.
अंगठा आता नदीतला गोटा.
ज्या भिंतींनी रेषा पुसल्या
त्याच विचारतात: कोण?

नियमाप्रमाणे मी उठते. ओळखपत्र बघते, चेहरा बघते,
(त्याची मुलगी शाळेत माझ्याच बाकावर बसायची)
नाव विचारते.
हुओविनेन, आउलिस, तो सांगतो, दर वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं.
वहीत लिहिते: सोबतीनं प्रवेश.
मग त्याच्या मागोमाग पिंजऱ्यांमधून चालते.
प्रत्येक कपाटाला कुलूप, प्रत्येक कुलपाला क्रमांक,
आत कुणाकुणाचे पगार, फोटो, भांडणं
देव जाणे. मला फक्त कुलपं ठाऊक.

जानेवारीतला एक गुरुवार. बाहेर उणे एकतीस.
कॉफी पिता पिता त्यानं खिशातून काढून
टेबलावर एक चावी ठेवली. लोखंडी, बोटभर.
म्हणाला, लगद्याच्या जुन्या गटारातून एक दार आहे.
सात नंबरच्या रांगेखाली निघतं.
नकाशात नाही. आम्ही सिगारेट ओढायला जायचो.

कॅमेरे एकशे बारा. कुंपण दुहेरी.
माझी कॉफी तशीच निवली.
कधीपासून आहे तुझ्याकडे?
गिरणी विकली त्याच्याही आधीपासून.
मग दर गुरुवारी त्या काचेत कशाला उभा राहतोस?
खुळ्या पोराकडे बघावं तसं त्यानं बघितलं.
"मी चोर आहे का?"

मी वर कळवलं. कळवायलाच हवं होतं. त्यालाही माहीत होतं;
मेमध्ये निवृत्ती, म्हणूनच बोलला असावा.
मार्चमध्ये गवंडी आले, दार चिणलं.
नेमकं कुठे ते दाखवायला आउलिसच वाकला,
गुडघा कटकन वाजला.

चौकशीच्या फॉर्मवर प्रश्न होता:
या दाराची माहिती किती जणांना आहे?
तो बराच वेळ बोटांवर मोजत बसला.
मग लिहिलं, एक.
बाकीचे सहा चर्चमागे आहेत, मला म्हणाला,
त्यांना कुठल्या रकान्यात घालू?

उरलेल्या गुरुवारांसाठी आता डोळ्याचं यंत्र बसवलंय.
ते सांगतं, पापणी लववू नका.
तो लववत नाही. हिरवा दिवा लागतो,
मला खुर्चीतून उठावं लागत नाही.

चावी माझ्या खणात, पाकिटात.
पाकिटावर नियमाप्रमाणे लिहायचं असतं
कोणत्या दाराची.
रोज रात्री पेन काढते.